फास्टेलाउनचं अस्वल

फोटो काढण्यात एवढं काय आहे हो? डोळा लावायचा, बटण दाबायचं! ज्यानं जन्मभर फेरीबोटीची इंजिनं खोलून पुन्हा जोडली, त्याला एक बटण जड जाणार? आमच्या पाद्रीणबाई बोदिल यांना मी हे छातीठोकपणे सांगितलं आणि चर्चच्या फोटोंचं काम मागून घेतलं.

तसं हे काम माझ्या बायकोचं, यूटेचं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी ती गेली. कॅमेरा राहिला. रविवारी घर इतकं गप्प असतं की फ्रिजसुद्धा बडबड्या वाटतो. काम असलं की निदान सकाळ तरी निघते. पण चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष आक्सेल यांच्या मनात या कामासाठी त्यांची सून होती.

"हे बघ वेर्नर," ते म्हणाले, "फास्टेलाउनचा फोटो चर्चच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर जायचाय. जमला तर काम तुझं. नाहीतर सूनबाई आहेच!"

फास्टेलाउन म्हणजे ईस्टरच्या उपवासांआधीचा सण; त्या रविवारी पोरं सोंगं घेऊन चर्चमध्ये येतात. प्रार्थना झाली की अंगणात टांगलेलं पिंप सोट्यांनी फोडायचं, आतला खाऊ लुटायचा, वर साय भरलेले पाव हाणायचे. मला नियम एकच होता. ज्या मुलाच्या घरच्यांचा फोटोला नकार, त्याच्या छातीवर हिरव्या माशाचा स्टिकर. त्याच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही.

मी आत शिरलो आणि बघतो तर काय! समुद्री चाच्याला मासा, परीला मासा, अग्निशामक जवानालाही मासा! अख्ख्या गावानं नकार दिला की काय? विचारावं, तर ऑर्गन सुरू झालेला. नियम म्हणजे नियम. मी बाकांमधून खेकड्यासारखा आडवा सरकत राहिलो आणि शेवटी सापडलं. दुसऱ्या ओळीत एक अस्वल! छाती कोरी!

मग काय, मी त्या अस्वलाला सोडलंच नाही. हात जोडलेलं अस्वल, जांभई देणारं अस्वल, पिंप बडवणारं अस्वल. पाव खाताना त्यानं डोक्यावरचा मुखवटा काढला आणि नाकाला साय लावून असं हसलं की मी मनात म्हटलं, यूटे, बघ गं!

तेवढ्यात मुलांचा वर्ग घेणारी मेरेटे आली.

"वेर्नरकाका, एकाच पोराच्या मागे का लागलात?"

"बाकीच्यांना मासा आहे ना!"

"अहो, खरा मासा एकालाच होता! बाकीच्यांनी 'आम्हालाही हवा' म्हणून भोकाड पसरलं, मग म्हटलं घ्या सगळ्यांनीच!"

"आणि तो एक कोण?"

मेरेटेचं बोट हळूहळू अस्वलाकडे गेलं. मी कॅमेरा झटकन पाठीमागे लपवला.

"व्हिलाद्स, तुझा मासा कुठंय रे?" मेरेटेनं अस्वलाला विचारलं.

"खाल्ला."

"खाल्ला?"

"मी अस्वल आहे!" इतकं साधं कळू नये याचं त्यालाच नवल वाटलं.

आणि त्याची आई, सीसेल, माझ्या मागेच उभी!

"स्टिकर काय, कागदच आहे. उद्या येईल बाहेर," ती म्हणाली. "पण तो कॅमेरा दाखवा बघू."

"पुसतो! सगळे आत्ता पुसतो!"

तिनं एकेक फोटो पाहिला. कपाळावरची आठी जाईना. मग ते सायीचं नाक आलं.

"थांबा हो! आधी मला पाठवा, मग पुसा. घरी हा फोटोला क्षणभर बसत नाही. पण मुखपृष्ठावर नाही हं! अजिबात नाही."

"म्हणजे फोटो नाहीच," आक्सेल खिशात हात घालत म्हणाले. "सूनबाईला फोन लावतो."

"लावू नका," पाद्रीणबाई म्हणाल्या. अंगात काळा झगा, गळ्यात चुण्यांची पांढरी कॉलर, तोंडात पाव. "यूटेच्या पहिल्या वर्षी मुखपृष्ठावर काय होतं, आठवतं? दर महिन्याला भिंगासमोर आलेला तिचा अंगठा! काय हो वेर्नर, पुढच्या रविवारी येताय ना? मासे मी स्वतः वाटीन."

अंगठा? मला तर यूटेनं सांगितलं होतं की पहिल्या दिवसापासून सगळे कौतुक करतात!

तर काम माझ्याकडेच आहे. मुखपृष्ठावर शेवटी चर्चच्या छताला टांगलेलं, खलाशांच्या नवसाचं छोटं लाकडी जहाज गेलं. त्याला आईबाप नाहीत, ते स्टिकर खात नाही, पिढ्यान् पिढ्या एका जागी आहे.

फोटो हललेला आलाय.