गांगुर्डेंचा पेला

माणसामाणसांतलं अंतर मिटवायला समाजाला पिढ्या लागतात. आमच्या कॉलनीत हे काम दर जानेवारीत एका सकाळी उरकतं, आणि त्यानंतर मिसळ असते.

मिसळीच्या आधी मात्र गांगुर्डे असतात. कॉलनीच्या तोंडाशी केरू मास्तरांचं स्मारक आहे. त्याच्या ओट्यावर ते हातात स्टीलचा पेला घेऊन उभे राहतात. एकच पेला. आलेल्या प्रत्येकाने त्यातून पाणी प्यायचं आणि तोंड लावून प्यायचं. वरून धार धरलेली चालत नाही. तुम्ही पीत असताना गांगुर्डे किंचित वाकून तुमच्या ओठांकडे बघत राहतात. दातांचा डॉक्टर सोडला तर माझ्या तोंडात इतका रस दुसऱ्या कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

पेला ओठांपासून बोटभर लांब दिसला, की ते शांतपणे म्हणतात, "गाडी फलाटाला लागली नाही, साहेब. जरा पुढं घ्या."

गांगुर्डे बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत माइकसमोर बसून कळवण, लासलगाव, निफाडच्या गाड्या पुकारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माइक खात्याकडे परत केला, आवाज घरी आणला. दूधवाला आला नाही तर जिन्यात घोषणा होते, "दूध आज उशिराने धावत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी." पाण्याचा टँकर आला की तो कुठल्या फलाटावर उभा आहे, म्हणजे कुठल्या इमारतीसमोर, ते सगळ्या कॉलनीला कळतं. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तो रविवारी येणार असला की शनिवारपासून "पुण्याहून येणारी" सुरू होतं. पुष्कळदा रविवारी सकाळी त्यात "रद्द करण्यात आली आहे" एवढी भर पडते. आवाजात कसलाही फरक नसतो. ते त्यांच्या धंद्याचा भागच आहे.

केरू मास्तर कोण, हे कॉलनीतल्या नव्या बिऱ्हाडांना माहीत नसतं. फ्लॅट विकताना ते सांगायची पद्धत नाही. कॉलनीच्या जागी पूर्वी जुनी वस्ती होती आणि वस्तीच्या तोंडाशी एक सार्वजनिक नळ होता. नळ कागदावर सगळ्यांचा होता. प्रत्यक्षात खालच्या आळीतल्या बायका घागर घेऊन बाजूला उभ्या राहायच्या. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली, तर तो लांबून त्यांच्या घागरीत पाणी ओतायचा. मास्तर खालच्या आळीतले. रात्रीची शाळा चालवायचे. एका सकाळी ते सगळा वर्ग घेऊन नळावर आले, पेला भरला, स्वतः अर्धा प्यायले आणि उरलेला पुढच्याच्या हातात दिला. त्याबद्दल त्यांना मार बसला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. मग रोज येत राहिले. शेवटी मारणाऱ्यांनाही कामधंदा होता.

आता तिथे संगमरवरी ओटा आहे, नळाला पितळी तोटी आहे आणि वर मास्तरांचा अर्धपुतळा आहे. पुतळ्याला चष्मा आहे. मास्तरांना नव्हता. मी एकदा हे गांगुर्डेंच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "वय झालं की लागतो."

स्मृतिदिनी श्रमदान असतं. पाहुणे झाडणार म्हणून आदल्या संध्याकाळी महापालिकेची माणसं रस्ता झाडून जातात. त्यामुळे सकाळी कोऱ्या झाडूंनी स्वच्छ रस्ता झाडला जातो. झाडूंच्या दांड्यांवर किमतीची चिठ्ठी तशीच असते. गांगुर्डे याला रिकामी फेरी म्हणतात. कॉलनीच्या डॉक्टर शिंदे मॅडम तपासणी शिबिर घेतात. तेवढं खरं काम असतं. मी स्मारक समितीत आहे. निमंत्रणपत्रिकेतली विशेषणं कमी करणं, एवढंच माझ्याकडे आहे.

मास्तर भर थंडीत वारले, त्याला कुणाचा इलाज नाही. पण त्यामुळे झालं असं, की समतेचं पाणी नाशिकमध्ये नेमकं अशा सकाळी प्यावं लागतं, जेव्हा माणसाला चहाखेरीज काही नको असतं. कुणी कुडकुडलं की गांगुर्डे म्हणतात, "ही कसली थंडी. निफाडला या." ते निफाडजवळच्या एका खेड्यातले. तिथला पारा उतरला, की पेपरातला आकडा ते पोराच्या मार्कांसारखा दाखवत फिरतात.

पाणी चुकवायच्या तऱ्हा मी बरीच वर्षं बघत आलो. काहींचा त्या दिवशी हटकून उपास निघतो. एकदा एका नगरसेवकाने पेला ओठांसमोर धरून घशाची हालचाल इतकी हुबेहूब केली, की लोक टाळ्या वाजवणार होते. गांगुर्डेंनी पेल्यात डोकावून पाहिलं आणि जाहीर केलं, की गाडी थांबा न घेता गेलेली आहे. नगरसेवक परत आले आणि प्यायले. मला त्यात गंमत वाटे, पण एक प्रश्नही पडे. या माणसाला एवढं काय पडलंय? तेही मास्तरांच्या रात्रीच्या शाळेतले, पण बाकीचे विद्यार्थी भाषणं करत, पुतळ्याला हार घालत, फोटोत उभे राहत. गांगुर्डे यातलं काहीही करत नसत. ते फक्त पेला भरत, ओठ बघत, पेला विसळत आणि पुन्हा भरत.

मग साथ आली. दोन वर्षं स्मृतिदिनच झाला नाही. पुन्हा सुरू झाला तेव्हा पेला नव्हता. गांगुर्डेंनीही मागितला नाही. लोक घाबरलेले होते आणि ते त्यांना कळत होतं. यंदा मात्र समितीच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. आमचे अध्यक्ष बोरस्ते वकील म्हणाले, की पाण्याची सोय झालेली आहे. यंदाचे प्रमुख पाहुणे मोठे बांधकाम व्यावसायिक. त्यांनी सीलबंद बाटल्या पाठवल्या होत्या. बाटलीवर एका बाजूला मास्तर होते आणि दुसऱ्या बाजूला पाहुणे. पाहुण्यांचा फोटो ताजा होता.

"म्हणजे परत ज्याचं त्याचं भांडं वेगळं," गांगुर्डे म्हणाले.

बोरस्ते वकिलांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग शिंदे मॅडम म्हणाल्या, "काका, भावना बरोबर आहे तुमची. पण एका पेल्याने इतकी माणसं पाणी पिणार, डॉक्टर म्हणून मी हो कशी म्हणू? एकाला सर्दी असली तर सगळ्यांना होईल."

गांगुर्डेंना मॅडमबद्दल आदर आहे. त्यांनी हे मान्य केलं. प्रत्येक माणसामागे पेला उकळत्या पाण्याने धुवायची तयारी दाखवली, शेगडी स्वतःची आणतो म्हणाले. बोरस्ते वकिलांनी मग तोडगा काढला, तो वकिली होता. सक्ती नको, पुकारा नको. गांगुर्डेंनी ओट्याच्या कडेला पेला घेऊन उभं राहावं. कुणी आपण होऊन आलं तर ठीक. कुणीच आलं नाही, तर लोकांना नको आहे असं समजायचं आणि प्रथा कायमची बंद करायची.

"पुकारा नको?" गांगुर्डेंनी विचारलं.

"अजिबात नको."

जन्मभर पुकारा करणाऱ्या माणसाला गप्प उभं राहून प्रवासी मिळवायचे होते. आमची दारं समोरासमोर आहेत, त्यामुळे बैठकीनंतर आम्ही बरोबरच जिना चढलो. दाराचं कुलूप उघडायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

स्मृतिदिनाला चांगलीच थंडी होती. ओट्याच्या कडेला शेगडी, तिच्यावर पातेलं, शेजारी माठ, खांद्यावर पंचा आणि हातात पेला, असे गांगुर्डे इस्त्रीच्या शर्टात उभे होते. स्वेटर घातला नव्हता. निफाडची इज्जत होती. लोक आले, स्वच्छ रस्ता झाडून झाला, फोटो झाले. बाटल्या वाटल्या गेल्या, बहुतेकांनी त्या न उघडताच पिशवीत टाकल्या. पाहुण्यांनी भाषण सुरू केलं. पाणी हे जीवन आहे इथून सुरुवात होती, त्यामुळे बराच वेळ लागणार हे नक्की झालं.

गांगुर्डेंकडे कुणी गेलं नाही. लोक वाईट नव्हते. काहींनी लांबून नमस्कार केला. एक बाई शेगडी बघून चहासाठी म्हणून गेल्या आणि नुसतं गरम पाणी आहे कळल्यावर हसून परतल्या. गांगुर्डे पेला धुवायचे, पुसायचे, भरायचे. पाणी शिळं झालं असं वाटून ओतून द्यायचे आणि पुन्हा भरायचे. कुणी बाजूने गेलं की त्यांचे ओठ हलायचे. पुकारा ओठांपर्यंत येऊन तिथेच थांबत होता.

मी उठलो. धाडस वगैरे काही नव्हतं. भाषण ऐकून पाय आखडले होते, आणि त्या माणसाकडे बघवत नव्हतं हेही खरं. जाऊन म्हणालो, "द्या."

त्यांनी पेला दिला. मी तोंड लावलं. ते वाकले, पाहिलं, सरळ झाले. पाणी बर्फासारखं होतं, दाढेत कळ गेली. अर्ध्यावर मी थांबलो. पूर्वी लोक पेला रिकामा करून ओट्यावर ठेवत, मीही तेच केलं होतं. या वेळी उरलेलं संपवणं शक्य नव्हतं आणि त्यांच्यादेखत ओतून देणं बरं दिसेना. म्हणून मी पेला तसाच त्यांच्यापुढे धरला.

गांगुर्डेंनी तो घेतला नाही. ते किंचित खाली वाकले आणि त्यांच्या दोन्ही हातांची ओंजळ झाली. ओंजळ हनुवटीखाली धरून ते डोळे मिटून थांबले.

मला काही कळेना. पाणी ओतायचं असावं असं वाटलं, पण हात वर जाईना. मी पेला धरून उभा राहिलो. मागे पाहुणे मानवतेपर्यंत आले होते.

मग गांगुर्डेंनी डोळे उघडले आणि आपल्या हातांकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचे हात असावेत तसं पाहिलं.

"हात ऐकत नाय सर," ते म्हणाले. आवाज घोषणेचा नव्हता, खेड्यातला होता. "शाळंत शिपाई वरून ओतायचा. लय उंचावरून. सांडलं तर मारायचा. म्हणून सवय."

ते हळूहळू सांगत गेले. खेडं सोडून नाशिकला आल्यावर, रात्रीच्या शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी अर्धा पेला पिऊन त्यांच्यापुढे धरला, तेव्हाही हातांची अशीच ओंजळ झाली होती. मास्तर ओरडले नाहीत, समजावलं नाही, ओतलंही नाही. नुसता पेला धरून उभे राहिले. सगळा वर्ग थांबला होता. शेवटी ओंजळ सुटली.

मी विचारलं, की मग इतकी वर्षं दरवेळी सगळ्यांना पाजून ते स्वतः का प्यायले नाहीत.

"कुणी दिला नाय," गांगुर्डे म्हणाले. "आपला आपण भरून पिला, तर ते नुसतं पाणी झालं. अर्धा पिऊन पुढं करायला समोर माणूस लागतं. घरी ही करायची. सकाळी निम्मा चहा प्यायची, मग कप माझ्याकडं सरकवायची. ती गेल्यापासून सगळे कप माझेच."

एवढं बोलून त्यांनी शर्टाला हात पुसले, पेला घेतला आणि तोंड लावून पाणी प्यायले. सावकाश, मोजक्या घोटांनी, शेवटपर्यंत. मी ओठांकडे बघत होतो की नाही, ते आठवत नाही. बहुधा बघत होतो.

भाषण संपल्यावर बोरस्ते वकील मिसळीकडे जाता जाता ओट्यापाशी थांबले. कुणी आलं का, त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं असं त्यांना वाटत होतं.

"दोन प्रवासी," गांगुर्डे म्हणाले. आवाज पुन्हा काचेच्या खोलीतला झाला होता.

"दोनच?"

"वेळापत्रकातली गाडी आहे, वकीलसाहेब. दोन प्रवासी असले तरी सोडावी लागते."

बोरस्ते वकील कायदा जाणतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओल्या पेल्याकडे पाहिलं, आणि पुढच्या वर्षी शेगडी समितीच्या खर्चाने असेल म्हणाले. मग आम्ही मिसळ खाल्ली. गांगुर्डेंनी दोनदा रस्सा घेतला.

शिंदे मॅडमचं म्हणणं मात्र शास्त्राला धरून होतं. दोन दिवसांनी गांगुर्डेंना सडकून सर्दी झाली. मला ती आदल्या आठवड्यापासूनच होती.