अझेलियाची पाटी

"बाबा, त्या पाट्या आधी खाली ठेवा!" देवयानी दातओठ खात कुजबुजली.

तिचे सासरे मुरलीधरराव ओढ्याकाठच्या चिखलात उकिडवे बसले होते. दोन्ही हातांत झाडांच्या नावाची एकेक उपटलेली पाटी. चौतीस वर्षं नागपूरच्या कॉलेजात बॉटनी शिकवून ते निवृत्त झाले होते आणि गेल्याच आठवड्यात इंग्लंडात, रीडिंग गावी मुलाकडे आले होते. आज तिघं बघायला आले होते ती बाग म्हणजे लाकडासाठी केलेली ओकची दोनशे वर्षांपूर्वीची लागवड. पुढे कुणीतरी तिच्या सावलीत अझेलियाची फुलझुडपं लावली. मे महिन्यात लोक इथे फुलं बघायला येतात. मुरलीधररावांनी आधी पाट्या वाचल्या.

"अगं, हा पानगळीचा, तो सदाहरित. अदलाबदल झालीय. लोक चुकीचं शिकतील."

"शिकू देत! आपला पर्मनंट राहायचा अर्ज पेंडिंग आहे, बाबा. त्याला गुड कॅरेक्टर लागतं!"

"मग चूक दिसत असताना गप्प बसणं कुठलं गुड कॅरेक्टर?"

नवरा पुष्कर चहाच्या रांगेत अडकला होता. देवयानीने झुडपांभोवतीची दोरी ओलांडली, पाट्या हिसकावल्या आणि तिथेच थबकली.

"डावीकडे कुठली होती?"

"बरोबर सांगू की होती तशी?"

"होती तशी!"

"ते मी सांगणार नाही."

घाईत तिचा पाय घसरला आणि ती गुडघ्यांवर आपटली. मान वर केली तर समोर हिरवं जाकीट. छातीवर नाव, हेझल. बागेतली माळीण.

"आय ॲम सो सॉरी," देवयानी धडपडत उठली. "माझे सासरे प्रोफेसर आहेत. त्यांना वाटलं, पाट्या चुकल्यात."

हेझलने झुडपं पाहिली, पाट्या पाहिल्या. तिचा चेहरा उतरला.

"हे तुम्ही कुणाला सांगितलंत का?" तिने इंग्रजीत हळूच विचारलं.

"नाही हो! कुणालाच नाही."

"नका सांगू, प्लीज. मार्चमध्ये मीच लावल्या. माझं प्रोबेशन चालू आहे आणि मुख्य माळी आज राउंडला निघालेत." ती मुरलीधररावांकडे वळली. "अजून किती चुकल्यात, सर?"

"गेटपासून इथवर अकरा."

हेझल मटकन चिखलात बसली.

पुष्कर चहा घेऊन आला तेव्हा त्याचे वडील आणि ती माळीण दोघंही ओणवी होऊन माती उकरत होती. देवयानी वाटेच्या मधोमध पाय रोवून उभी होती.

"काय चाललंय काय?"

"हळू बोल," देवयानी त्याच्याकडे न बघताच म्हणाली. "तू त्या वळणावर जा. आणखी एक हिरवं जाकीट येताना दिसलं की खोक."