दाढीतली पोत

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी तोताराम आबा झोपेतून उठले ते दाढीला तीन वेण्या घेऊनच, आणि प्रत्येक वेणीत काळे मणी!

बेबाबाई गेल्या, तेव्हापासून आठ महिने आबांनी गालाला वस्तरा लावला नव्हता. पूर्वी दर रविवारी बेबाबाई त्यांच्या गालावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "डावीकडे राही गयी." आता सांगणारंच कोणी नाही, तर दाढी करायची कोणासाठी? पण आज बेबाबाईंच्या नावाची पहिली घागर भरायची होती. म्हणून मुलानं, हितेंद्रनं, जीवराम न्हाव्याला घरीच बोलावलं होतं.

शिरपूरची आत्या दारातूनच गळा काढत आली आणि भावाच्या गळ्यात पडली. गालाला मणी टोचले तसं तिचं रडं अर्ध्यावर थांबलं.

"भाऊ, हाई काय शे?"

"माले काय माहीत? डोळा लागी गया व्हता."

सगळ्यांच्या नजरा सात वर्षांच्या मयुरीकडं वळल्या. नातीच्या हातात आजीची कुंकवाची डबी होती, रिकामी.

हितेंद्रनं डबी उलटी करून पाहिली. त्या डबीत आईच्या तुटलेल्या पोतीचे मणी होते. ते घागरीच्या गळ्याला बांधून गिरणा नदीत सोडायचे, असं आत्यानं काल फोनवर ठरवून टाकलं होतं. घागर पाटावर तयार, रस-पुरणाचं ताट वाढलेलं, आणि मणी आबांच्या हनुवटीला!

हितेंद्रच्या बायकोनं, नूतननं, खोबरेल चोळून पाहिलं. गाठी हलेनात. आत्यानं सुई घातली तसे आबा कळवळले.

"कापी टाक रे जीवराम!" आत्या कडाडली.

जीवरामनं खाली परात धरली, कात्री उघडली आणि आबांची हनुवटी वर केली. बघतो तर डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आबा, अजून लावलीसुद्धा नाही हो मी!" तो बिचारा घाबरून म्हणाला.

आता मात्र हितेंद्रचं डोकं फिरलं. "कार्टे, एवढ्या गच्च गाठी मारायला तुला सांगितलं कोणी?"

मयुरीनं आबांकडं पाहिलं. आबांनी मान खाली घातली.

"आबांनीच! म्हणाले, सैल बांधशील तर आजी नदीत जाईल."

आत्यानं तोंडाला पदर लावला. हितेंद्रला फार वाईट वाटलं. मण्यांचं त्यानं आत्याला विचारलं, भटजींना विचारलं, शेजारच्यांनाही विचारलं. एका आबांना तेवढं विचारायचं राहिलं होतं.

त्यानं जीवरामच्या हातातली कात्री काढून घेतली, बापापुढं उकिडवा बसला आणि त्यांच्या गालावरून हळूच हात फिरवला.

"डावीकडची वेणी सुटायला आलीय, आबा," तो म्हणाला. "मयुरी, ये. परत बांध, गच्च."