ब्रिटा पाव इंच आखूड झाली

लाइल टॉरविकने ठरवलं, स्वयंपाकघराची जमीन आपणच बदलायची. कारागीर बोलवायचा नाही. असं ठरवणाऱ्या नवऱ्यांसाठी अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या डुलुथ गावात वेगळा दवाखाना काढला तर तो बारा महिने चालेल.

घर त्याच्या वडिलांचं. वडिलांनी आयुष्यभर जमिनीवरच्या जुन्या लिनोलियमच्या चादरीवरच नवं लिनोलियम चिकटवलं होतं. (आधीच्या पिढीची पद्धतच ती. जुनं काढायचं नाही, झाकायचं.) लाइलने ते सगळे थर घामाघूम होऊन उपटले आणि खाली सापडलेल्या मूळ लाकडाला पॉलिश मारलं. दाराच्या चौकटीला मात्र हात लावला नाही. तिच्यावर ब्रिटाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

ब्रिटा नऊ वर्षांची. तिला एडीएचडी होता, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नसे आणि अंग सतत चुळबुळत असे; त्यासाठी ती वर्षभर रोज सकाळी गोळी घेत होती. गोळीने दुपारची भूक मरते, कधी कधी उंची-वजनही जरा रेंगाळतं. म्हणून डॉक्टर गुथ्रीबाईंनी सांगून ठेवलं होतं, "गोळीच्या आधी भरपेट नाश्ता, संध्याकाळी असर उतरला की पुन्हा जेवण. उंची आम्ही इथे मोजू. तुम्ही घरी रोज उठून मोजत बसू नका."

लाइलने घरी मोजलीच.

जमीन झाल्यावर त्याने ब्रिटाला चौकटीशी उभं केलं, डोक्यावर पुस्तक ठेवलं, आणि त्याचा चेहरा पडला. नवी खूण चार महिन्यांपूर्वी, दवाखान्यातल्या मागच्या तपासणीच्या दिवशी केलेल्या खुणेच्या खाली आली होती.

"काय झालं?" रेनेने विचारलं. रेने त्याची बायको.

"काही नाही. जरा... वेगळंच आलंय."

मिनेसोटाचा माणूस 'वेगळंच' म्हणाला की समजावं, घराला आग लागली आहे. रेने धावत आली.

"ही आखूड झालीय," लाइल कुजबुजला. "पाव इंच."

"मुलं आखूड होत नसतात, लाइल."

"माझ्या लहानपणी होत नव्हती!" त्याची आई आर्डिस खुर्चीतून कडाडली. "कारण आम्ही गोळ्या देत नव्हतो. मूल फार हललं की त्याला बर्फ उपसायला पाठवायचो. बंद करा ती गोळी आजच्या आज."

ब्रिटाच्या डोक्यावरचं पुस्तक खाली पडलं. "नाही हं आजी! गोळी नसली की माझ्या डोक्यात चौदा कुत्री असतात. गोळी घेतली की एकच असतं, आणि ते खाली बसतं."

"एक कुत्रं पुरे की मग."

"तेच तर सांगतेय मी!"

रेनेने डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आणि बजावलं, तोवर गोळी चालूच राहील. लाइल मात्र हादरला. गेल्या वर्षी शाळेतून रोज फोन यायचे. यंदा पोरीने पहिल्यांदा अख्खं पुस्तक संपवलं होतं. ही गोळी गेली तर? शुक्रवारपर्यंत पाव इंच भरून काढायलाच हवा होता.

मग सुरू झाला नाश्ता. पहिल्या दिवशी वॉफल, अंडी, लोणी, शेंगदाण्याचं बटर. दुसऱ्या दिवशी आर्डिसने सकाळी सातला मटण-बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे तिकडचं रात्रीचं भरगच्च जेवण, ओव्हनमधून काढलं.

"घे पोरी."

"नको आजी."

"थोडंसं?"

"नको."

"चमचाभर?"

तिसऱ्यांदा नको म्हणणं त्या घरात असभ्य मानतात. ब्रिटाने चमचाभर घेतलं. आर्डिसचा चमचा म्हणजे बागेतलं फावडं. त्यानंतर लाइलने पोरीला दारातल्या लोखंडी दांड्याला लोंबकळायला लावलं. तिला ते फार आवडलं. मग कसं करायचं हे दाखवायला लाइल स्वतः लोंबकळला, आणि दांडा, चौकटीची वरची पट्टी आणि लाइल तिघेही एकदम खाली आले.

शुक्रवारी सगळं घर दवाखान्यात. लाइलने बाहेर बसल्या बसल्या ब्रिटाचे केस बोटांनी वर उभे केले. नर्सने ते शांतपणे चापून बसवले आणि पट्टी टेकवली.

"चार महिन्यांत अर्धा इंच. छान!"

"अशक्य," लाइल म्हणाला. "तुमचं यंत्र बिघडलंय."

"लाइल, ती वाढलीय. गप्प बस ना," रेने म्हणाली.

"गप्प कसा बसू? घरी कमी, इथे जास्त! माझी मोजा. मी बरोबर सहा फूट आहे. लायसन्सवर तसं छापलंय."

तो बूट काढून उभा राहिला. नर्सने पट्टी टेकवली. मग चष्मा लावून पुन्हा टेकवली.

"पाच फूट साडेदहा."

"बघा! दीड इंच खाल्ला यंत्राने!"

"बाबा," ब्रिटा शांतपणे म्हणाली (गोळीचा असर अगदी भरात होता), "यंत्र कमी दाखवत असेल तर मी आणखीच वाढलेय."

डॉक्टर गुथ्रीबाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. "टॉरविक, घरी उंची कुठे मोजता?"

"स्वयंपाकघराच्या चौकटीला."

"तिथे अलीकडे काही बदललं?"

"काहीच नाही," लाइल ठासून म्हणाला. "फक्त जमीन. वडिलांचे सगळे थर मी खरवडून काढले, एवढा जाड..." त्याने दोन बोटांत जाडी दाखवली. चांगली पाऊण इंच होती. बोटं तशीच हवेत राहिली.

रेने भिंतीकडे तोंड करून हसू लागली.

डॉक्टरांनी गोळी आहे तशीच चालू ठेवली. वजन जरा कमी भरलं, म्हणून झोपण्याआधी दूध-बिस्किटं वाढवली आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. ब्रिटाने आनंदाने खुर्चीसकट तीन गिरक्या घेतल्या.

"हे काही खरं नाही," लाइल मोजे ओढत पुटपुटला. "मी लग्नाआधीपासून सहा फूट आहे."

"असू दे रे बाळा," आर्डिस त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाली. "तुझे वडीलही जन्मभर सहा फूटच होते. त्यांच्याच शब्दावर मी शवपेटी मागवली, तर पायाशी एवढी जागा उरली की त्यांचे मासेमारीचे बूट आत आडवे मावले."