पुठ्ठ्याच्या मशीनचं पाणी

"माझ्या कार्यशाळेत गडबड? शोधून दाखव!" असं डेमोकरांनी सकाळीच बायकोला ऐकवलं होतं.

डेमोकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दिसेल त्याला धरून डेमो द्यायची सवय, म्हणून सहकाऱ्यांनी बहाल केलेली ती पदवी. माणसाचं आणि मशीनचं कुठे जमतं, कुठे बिनसतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. घरातल्या मिक्सरशी त्यांचं स्वतःचं कधी जमलं नाही, पण ते जाऊ द्या!

आज मात्र सगळं पणाला लागलं होतं. संस्थेत एक खोली रिकामी झाली होती आणि ती कुणाला द्यायची, हे संचालकबाई कार्यशाळा पाहून ठरवणार होत्या. डेमोकर बिचारे वर्षानुवर्षं जिन्याखाली टेबल टाकून संशोधन करत होते. वरून कुणी धावत गेलं की निष्कर्षांवर धूळ पडायची.

बाहेरगावाहून आलेल्या संशोधकांनी सकाळभर खपून पुठ्ठ्याचं मशीन बनवलं होतं, पिण्याच्या पाण्याचं. खरं मशीन बनवण्याआधी खोटं बनवायचं आणि माणसाला ते कळतंय का बघायचं, ही या मंडळींची रीत! आत एक दाढीवाला संशोधक दुमडून बसला होता. बाहेरून कुणी बटण दाबलं की त्याने फटीतून पुढचा कागद सरकवायचा.

"एक लक्षात ठेवा," डेमोकर गरजले, "वापरणाऱ्याला मदत करायची नाही! अडू दे, चिडू दे, रडू दे! त्याने काही विचारलं तर आपण उलट विचारायचं, तुम्हाला काय वाटतं? आणि गोंधळलेला माणूस मोठेपणा सांगायला लागतो. तिकडे काणाडोळा करायचा. आज माझ्या मावससासूबाई येताहेत. चष्मा, तापट स्वभाव आणि मशीनशी उभा दावा. असा नमुना दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही!"

तेवढ्यात फोन वाजला. लिफ्ट बंद होती आणि मावशी फाटकात अडून बसल्या होत्या. जावई न्यायला आल्याशिवाय त्या पायरी चढणार नव्हत्या. एका जिन्याने डेमोकर खाली धावले आणि दुसऱ्या जिन्याने संचालकबाई वर आल्या. धापा टाकत. चष्मा पुसत.

"डेमोकर कुठे आहेत?"

चष्मा बघून सगळ्यांचे डोळे लकाकले. संशोधकांपैकी एक उंच बाई वही सरसावून पुढे झाल्या. "तुम्हाला काय वाटतं, कुठे असतील?"

"अहो, मी तुम्हाला विचारतेय!"

"छान! मनात येईल ते असंच मोठ्याने बोलत राहा."

संचालकबाईंना घामाने धारा लागल्या होत्या. "ते राहू दे. आधी घोटभर पाणी द्या कुणीतरी."

सगळ्यांनी एकदम मशीनकडे बोट केलं. बाईंनी चष्मा चढवला आणि बटण दाबलं. फटीतून कागद आला, 'गार की कोमट?'

त्यांनी गार दाबलं. 'ग्लास आणला आहे का?' त्यांनी नाही दाबलं. 'पुन्हा सुरुवातीला जा.'

"हा काय चावटपणा आहे? मी या संस्थेची संचालक आहे!"

"मोठेपणा सुरू झाला," उंच बाईंनी आनंदाने लिहून घेतलं.

"माझा घसा कोरडा पडलाय हो!"

"पडणारच. आता पुढे काय होईल, असं तुम्हाला वाटतं?"

पुढे जे झालं ते कुणालाच वाटलं नव्हतं. फटीतून डोकावताना बाईंना आत दाढी दिसली आणि दाढीला लागलेली पाण्याची बाटली दिसली! मशीन एकटंच पाणी पीत होतं! बाईंनी खांद्यापर्यंत हात आत घातला. दाढीवाल्याने बाटली सोडली नाही. दोघांच्या ओढाताणीत मशीन भुईसपाट झालं आणि संशोधकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

याच क्षणी डेमोकर मावशींना घेऊन दारात उभे राहिले. संचालकबाई पुठ्ठ्यात बसून बाटली रिकामी करत होत्या. डेमोकरांच्या पायाखालची जमीन सरकली. जिन्याखालचं टेबल आता जन्मभराचं, हे त्यांना स्पष्ट दिसलं.

बाईंनी शांतपणे तोंड पुसलं. "ही माणसं तुम्हीच तयार केलीत?"

"हो... म्हणजे, आजच..."

"समोर माणूस तडफडतोय, ओरडतोय, आणि ही हसतमुखाने ऐकून घेताहेत, लिहून घेताहेत, आणि करत काहीच नाहीत! इतक्या वर्षांत मी असं शिक्षण पाहिलं नाही. खोली तुमची!"

डेमोकरांची कॉलर ताठ झाली. त्या ऐटीतच ते दुसऱ्या दिवशी खोलीवर गेले. प्रशस्त खोली, दोन पंखे, खरं टेबल! दारावर नवी पाटी होती, 'तक्रार विभाग. प्रमुख : डेमोकर.' आडनावसुद्धा तेच घातलं होतं!

"हरकत नाही," छाती फुगवून ते म्हणाले, "माणसं आपणहून येतील. संशोधकाला आणखी काय हवं?"

माणसं आलीही. रांगेत पहिल्या मावशी होत्या.

"लिहा जावईबापू! खास केस रंगवून आले होते मी. जिने चढवलेत आणि मला कुणी काहीच विचारलं नाही!"