दुसऱ्या माणसाची संमती

"माणसाचा हात लागला की काम बिघडतं," हे वाक्य त्याने बायकोसमोर अकरा वेळा म्हणून दाखवलं. बाराव्या वेळी तिने त्याचा सूट कपाटातून काढला, इस्त्री त्याच्या हातात दिली आणि हे आपोआप होतंय का ते बघ म्हणाली. ऑफिसात तर त्याचं नावच 'आपोआप' पडलं होतं. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं असायचं: ते आपोआप होईल.

आता त्याला एका आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान परिषदेत बोलायचं होतं. क्लाउडवरची यंत्रणा माणसाशिवाय कशी चालवावी, हा विषय. क्लाउड म्हटलं तरी आभाळात काही नसतं. दुसऱ्याच्या इमारतीतले भाड्याचे संगणक असतात आणि ते बसल्या जागेवरून उभे करता येतात, पाडता येतात. आपोआपच्या कंपनीचे असे दोनशे सर्व्हर होते आणि त्यांच्यावर कितीतरी दवाखान्यांची अपॉइंटमेंटची नोंदणी चालायची. भाषण रंगलं तर नव्या विभागाचा प्रमुख तूच, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. ऐकायला साहेब स्वतः पहिल्या रांगेत बसणार होते, म्हणजे तोंड लपवायलाही जागा नव्हती.

त्याच्या डोळ्यांत एकच माणूस खुपायचा, वहीवाले काका. काका ऑफिसातले सगळ्यात जुने. प्रत्येक सर्व्हरची कुळकथा ते एका निळ्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवत. दोन वर्षांपूर्वी काकांनी घाईघाईत भलताच सर्व्हर बंद केला आणि सगळं ऑफिस अर्धा दिवस हातावर हात ठेवून बसलं. तेव्हा आपोआपने त्यांना तीन पानी पत्र लिहिलं आणि एक नियम केला. सरावाचा सर्व्हर कुणीही पाडावा. पण खऱ्या कामाचा पाडायचा तर दुसऱ्या माणसाची संमती हवी. ती दोन माणसं म्हणजे काका आणि तो. वेसण काकांना घालायची होती, पण यंत्र काही नाक बघून वेसण घालत नाही.

प्रात्यक्षिक साधंच होतं. सरावाचे दोन सर्व्हर पाडायचे आणि दोन मिनिटांत बारा नवे उभे करायचे. घरी ते वीस वेळा बिनबोभाट झालं होतं. पण परिषदेच्या सकाळी हॉटेलात नाश्ता करताना त्याला 'दोन' हा आकडा फार किरकोळ वाटायला लागला. त्याच्या प्रोग्रॅमने एक सर्व्हर हेरून ठेवला होता, गेले अकरा महिने काडीचं काम न केलेला. त्याने तोही यादीत टाकला. सुखाचा जीव दुःखात घालतात तो असा.

समोर सहाशे माणसं, मागच्या काचेच्या खोलीत चार दुभाषे. "माणसाचा हात लागला की काम बिघडतं," तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मग त्याने ऐटीत बटण दाबलं. भिंतीएवढ्या पडद्यावर एक पिवळी पट्टी आली: 'दुसऱ्या माणसाची संमती हवी. वाट पाहत आहे.'

तिसरा सर्व्हर सरावाचा नव्हता, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याने एक विनोद सांगितला, पाणी प्यायला, आणखी एक विनोद सांगितला. पट्टी हलेना. शेवटी त्याने काकांना फोन लावला. घाबरलेल्या माणसाला कॉलरला माइक आहे हे आठवत नाही. फोन स्पीकरवर होता आणि सगळं सभागृह ऐकत होतं.

"काका, तुमच्या फोनवर संमती मागितलीये. पटकन हो म्हणा."

"चष्मा काढलाय रे. सलूनमध्ये केसांना रंग लावून बसलोय. वीस मिनिटं हलू नका म्हणालाय हा."

"न बघता दाबा हो."

"न बघता दाबलं तेव्हाच तर तू तीन पानी पत्र लिहिलं होतंस."

दुभाषी मंडळी इमानी होती. वाक्य चार भाषांत पोचत होतं, त्यामुळे हशाही चार हप्त्यांत येत होता, आधी डाव्या कोपऱ्यातून, मग उजव्या. साहेब मात्र हसत नव्हते.

काकांनी न्हाव्याला फोनवर आलेली यादी वाचायला लावली. तिसऱ्या नावाशी त्यांनी त्याला थांबवलं आणि पिशवीतली निळी वही काढून सत्तेचाळिसावं पान उघडायला सांगितलं. न्हावी मोठ्याने, एकेक शब्द सावकाश वाचू लागला.

"मोठा सर्व्हर बंद पडला तर हा उठतो. तोवर झोपू द्यावा. हात लावू नये."

आता आपोआपला उलगडा झाला. हा सर्व्हर अकरा महिने झोपला होता, कारण मोठा अकरा महिने धडधाकट होता. याला आज पाडलं असतं आणि उद्या मोठा आजारी पडला असता, तर दवाखान्यांच्या दारात पेशंट ताटकळले असते आणि आत कुणाचा नंबर कधी, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"मी नाही म्हणतो," काका म्हणाले. "नाहीचं बटण कुठलं ते याला सांग."

"डावीकडचं. लाल."

न्हाव्याने बटण दाबलं. पडद्यावर 'संमती नाकारली' अशी अक्षरं उमटली आणि सहाशे माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग मी चुकलो, असं आपोआपने सरळ सांगून टाकलं, आणि हे वाक्य त्याने घरी एकदाही म्हणून पाहिलेलं नव्हतं.

पुढे तिसरं नाव काढल्यावर सरावाचे दोन सर्व्हर पडले, बारा उभे राहिले, दोन मिनिटांच्या आतच. तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सगळे प्रश्न वहीवर आले. पेन्सिलच का, असं एकाने विचारलं, तेव्हा लाइनवर असलेल्या काकांनीच उत्तर दिलं की माणूस चुकतो, खोडायला बरं पडतं. तेवढ्यात वीस मिनिटं झाली आणि न्हाव्याने त्यांचं डोकं धुवायला घेतलं.

साहेबांनी नवा विभाग त्यालाच दिला. अट एकच घातली, काकांचं टेबल शेजारी हवं.

पुढच्या वर्षी परिषदेचं पत्र आलं. ते काकांच्या नावाने होतं. ते वाचून आपोआपला थोडं लागलं आणि बरंचसं बरंही वाटलं. काका पत्र घेऊन त्याच्याकडे आले.

"मी एकटा जाणार नाही. नियम आहे, दोन माणसं. मी बोलतो, पडद्यावरची चित्रं तू बदल."

"ती आपोआप बदलतात, काका."

"तू हाताने बदल," काका म्हणाले आणि त्यांनी तसं पेन्सिलीने वहीत लिहून ठेवलं.