दारं नसलेल्या दरवाजाचा पहारेकरी

आमच्या गावामागच्या किल्ल्याच्या दरवाजाला दारं नाहीत. तरीही दाजीबा नाईक रोज दिवेलागणीला ती लावतात. आधी डावं ढकलतात, मग उजवं, मग अडसर सारून हात झटकतात. कुणी आत निघालं की दरडावतात, "परवल बोला!" परवल म्हणजे पहारेकऱ्याला सांगायचा खुणेचा शब्द. शेळ्यांनासुद्धा सूट नाही.

किल्ला विजापूरच्या सरहद्दीवरचा. पहाऱ्याला माणसं आणून दरवाजाजवळ वसवली, ते मेट. आमचं गाव मुळात तेच. कोयनेच्या भूकंपात भिंती तडकल्या आणि अख्खं मेट खाली सडकेला उतरलं. दाजीबा तेवढे वर राहिले.

त्यांचा मुलगा सर्जेराव माझा शेजारी. बापाशी भांडून खाली आला तो पुन्हा वर गेला नव्हता. बहात्तर सालच्या उन्हाळ्यात मला म्हणाला, "सर, औंदाच्या पावसात घर बसंल आबांच्या अंगावर. तुमी इतिहासाचं मास्तर. तुमचं ऐकतील."

झालं! कुणी एवढं म्हटलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढतो. त्या दिवशी गडही चढलो.

"परवल बोला!"

मला श्वास सापडेना, परवल कुठली? "पाणी!" मी म्हणालो.

"चुकली. पन प्या." तांब्या पुढे आला.

मग मी व्याख्यान झोडलं. राज्यं बुडाली, सरहद्द गेली, कैक वर्षांत इकडे शत्रू फिरकलेला नाही!

"म्हंजे पहारा चोख हाय," दाजीबा म्हणाले.

मी पुन्हा पहिल्या राज्यापासून सुरुवात केली.

दिवस मावळला. दाजीबांनी दारं लावली.

"अहो, मी घरी जाऊ कसा?"

"दिंडीतनं जावा. उगडीच आस्ती."

दिंडी म्हणजे मोठ्या दारातलं, वाकून जायचं धाकटं दार. मी लगेच पकडलं. "पहारा एवढा चोख, आणि दिंडी उघडी?"

दाजीबांनी खाली दिसणाऱ्या गावाकडे बोट केलं. "सर्जा यील की कवातरी. रागानं गेलाय, परवल इसरला आसंल. पोराला दारात आडवू व्हय?"

पोट सावरत, नीट वाकून, मी त्या नसलेल्या दिंडीतून बाहेर पडलो.

खाली सर्जेराव वाटच बघत होता. "काय म्हनलं आबा? येत्यात?"

"तूच वर जा."

"आवं, दारात परवल मागत्याल. मला कुटं ठावं हाय?"

"तुला लागत नाही," मी म्हणालो. "फक्त दिंडीत वाक. मीसुद्धा वाकलोय."